उपासाची वाईन

आमच्या नातीचा समज आहे की आजी कोर्टात उभी राहिली ती कुठल्या तरी मोर्च्यामुळे. तिचा तो समज मी बरेच दिवस दूर केला नाही. मोर्चा म्हटलं की कसं भारदस्त वाटतं. पण आता ती स्वतः लायसन्स काढायला निघाली आहे, तेव्हा म्हटलं, बसून लिहून काढावं एकदाचं.

त्याआधी एका बाईची ओळख करून द्यायला हवी. ती मीच, पण चाळिशीतली. पदर कमरेला खोचलेला, हातात लाटणं, आवाज असा की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसायची. दिंडोरीच्या बाजूला आमचं गाव. गावात देशी दारूचं दुकान होतं आणि ते बंद करायचंच असं या बाईनं मनावर घेतलं होतं. त्यासाठी बायकांचं मतदान व्हायचं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही प्रचारात हातानंच सांगायचो: पंजा ताठ धरायचा, ही उभी बाटली, मग तोच तळवा फटकन सपाट पाडायचा, ही आडवी. गावातली शेंबडी पोरंसुद्धा एकमेकांना हात पाडून दाखवायची.

आमचे हे त्या वेळी बाजाराच्या दिवशी थोडी घ्यायचे. ग्रामसभेत बाईंनी माईक ओढून घेतला आणि भर सभेत स्वतःच्या नवऱ्याला विचारलं, "का घेता, सांगा सगळ्यांना!"

हे उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सर्दीला. औषध म्हणून."

"ऐकलंत?" बाई कडाडल्या. "आमच्या घरात बारा महिने सर्दी!"

सभा खदखदून हसली. हे हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी ग्लासाला हात लावला नाही, आणि बाई मात्र पुढची कित्येक वर्षं तो विनोद पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरल्या. त्याच सभेत त्या असंही म्हणाल्या होत्या की पिऊन गाडी चालवणाऱ्याला दंडबिंड करत बसू नका, सरळ आत टाका. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्यांची बाईंना फार आवड.

मतदान झालं, बाटली आडवी झाली, दुकान उठलं. तिथं आता मोबाईलचं रिचार्ज मिळतं. आमच्या बागेतही बदल झाला. खायची द्राक्षं परवडेनात तेव्हा निम्म्या बागेत आम्ही वाईनची द्राक्षं लावली. एका कंपनीशी करार केला. ज्या बाईनं दुकान बंद पाडलं तिच्याच बागेतून ट्रॅक्टर भरभरून वाईनला माल जाऊ लागला, पण बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. वाईन म्हणजे शेतमाल, असं त्या ठामपणे सांगायच्या.

मग ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली ती महिन्याभरानं परत आली, तीही एकेका शब्दानं, मधे बराच वेळ थांबत. शहरात गंगापूर रोडला व्यायाम करून घेणारा एक दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजी, हे पहिलं वर्ष महत्त्वाचं. हात आत्ता हलवत राहिलो तर हलेल. खंड पडला तर बोटं आत वळतील आणि मग ती उघडणं अवघड."

आठवड्यातून तीनदा न्यायचं. मुलगा आखातात नोकरीला. सून शाळेत शिकवते, पण स्टिअरिंग धरलं की तिला घाम फुटतो. गाडी चालवता येणारी घरात मी एकटी. पन्नाशीत हट्टानं शिकले होते. म्हणजे ह्यांची पाच बोटं माझ्या लायसन्सला लोंबकळत होती, असं म्हणायला हरकत नाही. हे मला तेव्हा माहीत होतं. तरीही पुढचं घडलं.

हंगामाच्या सुरुवातीला कंपनीनं बागाईतदारांना धरणापलीकडच्या वायनरीत बोलावलं. पूजा, सत्कार, आणि मागच्या वर्षीच्या मालाची वाईन चाखायची. ह्यांच्या जागी मी गेले. ह्यांना दवाखान्यात सोडलं आणि तशीच पुढे. त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही.

मॅनेजर पुण्याचा मुलगा, फार सज्जन. त्यानं लांब टेबलावर पाच-पाच काचेचे ग्लास मांडले, तळाशी थोडी थोडी वाईन. ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, घोट तोंडात कसा घोळवायचा ते दाखवलं. आणि शेवटी प्रत्येकासमोर ठेवलेल्या स्टीलच्या बादलीकडे बोट करून म्हणाला, "आणि मग इथे थुंकायचं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. पाहुणीनं यजमानाच्या टेबलावर, चारचौघांत, तोंडातला घोट थुंकायचा? तोही स्वतःच्या बागेतला? ज्या वेलींना मी उन्हातान्हात छाटलं, त्यांचा रस बादलीत? आणि उपासाचं म्हणाल तर द्राक्षं उपासाला चालतात. मी गिळलं. पाचही ग्लास गिळले. पहिला तुरट लागला. मला वाटलं, माल कच्चा तोडला होता की काय. पाचव्यापर्यंत तक्रार उरली नव्हती. शेजारचे बागाईतदारही थुंकत नव्हते, पण ते घरून भाकरी खाऊन आले होते आणि त्यांच्या गाड्या त्यांची मुलं चालवणार होती.

मॅनेजरनं दोनदा विचारलं, "काकू, ड्रायव्हर आहे ना बरोबर?"

"आहे," मी म्हटलं. "मीच."

त्याला वाटलं मी विनोद केला. मलाही तसंच वाटलं.

डोकं हलकं होतं, पण उपासाला ते होतंच. दवाखान्यातून मदतनीसांनी ह्यांना धरून गाडीत बसवलं. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, नाकानं दोनदा हुंगलं आणि समोर बघत बसले.

गंगापूर रोडलाच पुढे पोलिसांनी रस्ता अडवला होता. वायनरीकडून येणाऱ्या गाड्या दुपारी तपासतात, हे मला पुढे कळलं. एक महिला पोलीस खिडकीशी आली. चेहरा उन्हानं लाल झालेला, वय माझ्या सुनेइतकं. तिनं हातातलं यंत्र पुढे केलं.

"आजी, यात फुंका."

"मला दमा नाही गं बाई."

"दम्याचं नाही. फुंका जरा."

मला वाटलं, सरकारी तपासणी असेल. आमच्या बचत गटाच्या शिबिरातही असंच फुंकायला लावतात. म्हणून मी छाती भरून फुंकलं, पहिला नंबर काढायचाय अशा थाटात.

तिनं यंत्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा यंत्राकडे. "साहेब," तिनं मागे वळून हाक मारली, "इकडे या जरा."

साहेबांना मी सगळं सांगितलं. की ही वाईन आमच्याच बागेतली आहे. की मी दारू पीत नाही, उलट गावातलं दुकान मी बंद पाडलं. की आज संकष्टी आहे. जितकं सांगत गेले तितके साहेबांचे कान टवकारले. शेवटी ते म्हणाले, "मावशी, कुणाच्या बागेतली आहे ते यंत्राला कळत नाही."

"बरं, काय दंड असेल तो घ्या. ह्यांना घरी न्यायचंय."

"हे हेल्मेटसारखं नाही. इथे पावती फाडून सुटका नाही यात. सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन रक्त द्यावं लागेल, मग कोर्ट. गाडी इथेच राहील."

गाडी इथे राहील, मी सिव्हिलला जाईन, आणि हे? हे स्वतःहून दारही उघडू शकत नव्हते. ऊन काचेतून थेट त्यांच्या मांडीवर पडलं होतं. "ह्यांना कुठे ठेवू?" मी विचारलं, आणि माझा तो कुत्री उठवणारा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

त्या पोलीस मुलीनं गाडीचं दार उघडलं, वाकून ह्यांचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. "बाबा, चला आमच्याबरोबर. सावकाश. पाय उचला." पोलिसांच्या गाडीची पायरी उंच. तिघांनी मिळून चढवलं. रस्त्यावर लोक थांबून बघत होते. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्यानं काय केलंय कोण जाणे. मी मान खाली घालून मागून चढले.

सिव्हिलमध्ये तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं. तोवर त्या मुलीनं ह्यांना बाकावर टेकवलं, बाटलीनं पाणी पाजलं, ओघळलं ते स्वतःच्या रुमालानं पुसलं. दाखवली तिथे मी सही केली. लायसन्स काढून घेतलं आणि बदल्यात तारखेपर्यंत चालेल अशी पावती दिली. सून शाळेतून एसटीनं आली, रिक्षा केली, आम्हाला घरी आणलं. गाडी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून सोडवून आणली. त्या दिवशी रिक्षात सुनेनं एकच प्रश्न विचारला. "आई, थुंकायचं होतं ना?"

रक्ताचा रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत मी पावतीवर गाडी चालवत होते, आणि प्रत्येक चौकात शिट्टी वाजली की मी आधी ब्रेक दाबायची. ह्यांच्या तर्जनीनं त्याच महिन्यात थोडी हालचाल दाखवली होती. डॉक्टरीण बाईंना कोण आनंद झाला. मी हसले आणि बाहेर येऊन गाडीत बसून राहिले.

माझ्या बहिणीचा मुलगा वकील आहे. त्यानं रिपोर्ट वाचून दाखवला. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली की कलम लागतं. माझी चांगलीच जास्त निघाली होती. पहिलाच गुन्हा असला तरी दहा हजारांपर्यंत दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर त्याहून जड. वर लायसन्स काही महिने निलंबित.

"मावशी, दंडाचं सोड. तुरुंगातही तुला कोणी टाकणार नाही या वयात. प्रश्न लायसन्सचा आहे."

"तेच तर," मी म्हटलं. "बाकी सगळं घेऊ देत."

तो जरा पुढे सरकला. "एक करता येईल. गुन्हा कबूल करायचा नाही. तुला संधिवात आहे, तू द्राक्षासव घेतेस, त्यातही थोडी दारू असतेच, असं सांगायचं. वैद्यांची चिठ्ठी आणू. त्या पोलीस बाईनं तुझं ऐकूनच घेतलं नाही, यंत्राची नळीही बदलली नाही, असं मी म्हणेन. टिकेल की नाही माहीत नाही. कायदा दारू कशातून आली ते विचारत नाही. पण केस चालेल. वर्षं जातील. तोवर लायसन्स परत मागू, काकांचं वर्ष निघून जाईल."

सुनेचं म्हणणं पडलं, "आई, तसंच करा. बाबांच्या हाताचा प्रश्न आहे."

वैद्यबुवा ओळखीचे, चिठ्ठी मिळाली. मी तयारीला लागले. भाकरी थापताना म्हणायची, साहेब, ते औषध होतं. धुणं वाळत घालताना म्हणायची, संधिवातासाठी, साहेब, रोज दोन चमचे. ज्या बाईनं माईकसमोर कधी कागद धरला नाही, ती एक वाक्य पाठ करत होती आणि ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्या मुलीचा रुमाल मधेच आठवायचा. नळी तिनं माझ्या डोळ्यांदेखत पाकिटातून नवी काढली होती. मग ह्यांचं बोट आठवायचं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तारखेच्या दिवशी हे हटून बसले. "येतो," म्हणाले. सुनेनं समजावलं, मी रागावले, पण ऐकेनात. रिक्षानं कोर्टात नेलं. व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघं टेकलो. आत पुकारा सुरू होता. वकील भाचा समोर येऊन म्हणाला, "मावशी, एकदा म्हणून दाखव."

मी डोळे मिटून म्हटलं, "साहेब, मी दारू प्यायले नव्हते. ते संधिवाताचं औषध होतं."

शेजारून आवाज आला. "औ..." थांबला. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. ह्यांची जीभ शब्द शोधत होती, डोळे माझ्यावर रोखलेले. "औषध?"

आणि हे हसले. अर्ध्या तोंडानं, लाळ गळेपर्यंत, ठसका लागेपर्यंत हसले. झटक्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं तर त्या ग्रामसभेनंतरच पाहिलं नव्हतं. भाच्याला काही कळेना. त्याला वाटलं काकांना त्रास होतोय, तो पाणी आणायला धावला. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी डावा हात वर केला, पंजा ताठ उभा धरला आणि मग माझ्याकडे बघत तो अलगद सपाट पाडला.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

न्यायाधीश बाई होत्या, माझ्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

भाचा बोलायला उठला. मी म्हटलं, "कबूल आहे."

"मावशी!" तो दातांतून पुटपुटला.

"परिणाम काय होतील, माहीत आहे? कुणी दबाव आणलाय?"

"माहीत आहे. दबाव नाही."

"किती घेतली होती?"

"जेवढी दिली तेवढी. थुंकायला सांगितलं होतं, मी थुंकले नाही."

मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. "आणखी काही सांगायचंय?"

मग मी ह्यांचं सांगितलं. झटका, दवाखाना, बोटं, घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. दंड कितीही करा, पण लायसन्स राहू द्या. मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं असं मला वाटलं. शब्द न शब्द खरा होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कागद चाळून विचारलं, "त्या दिवशी तुमचे पती गाडीत होते?"

"हो."

"कुठे बसले होते?"

"माझ्या शेजारी."

"ज्यांचा हात वाचावा म्हणून तुम्ही गाडी चालवता, त्यांनाच शेजारी बसवून तुम्ही त्या अवस्थेत गाडी चालवत होतात. आणि काही झालं असतं तर त्यांना दार उघडून उतरताही आलं नसतं."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी इतके दिवस लायसन्सचा, दंडाचा, गावाचा, सुनेचा, सगळ्यांचा विचार केला होता. हा एक विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी टेबलाची कड धरली.

दंड झाला. लायसन्स सहा महिने निलंबित. आणि कोर्ट उठेपर्यंत कैद, म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. मी मागच्या बाकावर बसले. सून घ्यायला आली तरी हे जायला तयार होईनात. त्यांनाही आणून माझ्याशेजारी बसवावं लागलं. चाळिशीतल्या बाईंनी भर सभेत मागितलेली शिक्षा मी साठी ओलांडून, नवऱ्याला सोबत घेऊन भोगली. समोर एकामागून एक लोक येत होते. त्यातले निम्मे, मला शपथेवर सांगता येईल, कसलं ना कसलं औषधच घेत होते.

पुढचे सहा महिने सोपे गेले नाहीत. सुनेनं शिकाऊ लायसन्स काढलं, पण शेजारी लायसन्सवालं माणूस बसवावं लागतं, आणि मी आता त्यातही मोडत नव्हते. शेजाऱ्यांना किती वेळा विनवायचं? एसटीनं नेलं. पायरी उंच, गर्दी. कंडक्टर कधी थांबायचा, कधी घंटी द्यायचा. पाऊस लागला तसे काही आठवडे नेताच आलं नाही. पायात ताकद आली. एसटीच्या पायऱ्यांनी आली असं हे खुणेनं दाखवतात. तर्जनी सुटली. शेवटची दोन बोटं मात्र आत वळली ती वळलीच. डॉक्टरीण बाई म्हणतात, ती तशीही वळली असती. मी त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही.

आता गाडी सून चालवते, घाम न येता. माझं लायसन्स परत आलं आहे; कपाटात साड्यांखाली असतं. कंपनीचं बोलावणं दर हंगामाला येतं. मी जाते, सुनेच्या शेजारी बसून. मॅनेजर बादली सरकवतो आणि मी चारचौघांत, पाहुणी म्हणून, नीट थुंकते. अजून बरं वाटत नाही.

नातीनं हे वाचलं की आजोबांकडे जाईल आणि विचारेल, खरं का हो? तेव्हा ते उजवा हात वर करतील. हल्ली ते मुद्दाम उजवाच करतात. पंजा उभा राहतो, बऱ्यापैकी. पण सपाट पाडायला गेले की ती दोन बोटं आड येतात आणि तळवा अर्ध्यावरच थांबतो. ते तसाच धरून माझ्याकडे बघतात, आणि मी जाऊन माझ्या हातानं तो हळूहळू, जाईल तेवढा, खाली दाबते.